मधल्या सुट्टीतले भांडण आणि वकिलाचे काम

२०२५ च्या जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांत ‘राष्ट्रासाठी मध्यस्थी’ नावाची मोहीम देशभरातल्या न्यायालयांत चालली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आणि सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती यांनी ती मिळून आखली होती. नवरा-बायकोचे वाद, अपघात भरपाईचे दावे, न वटलेले धनादेश, वाटणीचे दावे असे जे खटले समोरासमोर बसून मिटण्यासारखे होते, ते तालुका न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत सगळीकडे मध्यस्थांकडे पाठवण्यावर तिचा भर होता. मोहिमेमुळे ‘मध्यस्थी’ हा शब्द घरोघर पोचला खरा, पण तो म्हणजे नेमके काय हे अनेकांना अजून उलगडलेले नाही.

याच कल्पनेचे एक धाकटे भावंड आहे आणि त्याची आपल्याकडे फारशी ओळख नाही. शाळेतल्या दोन मुलांचे भांडण मिटवायला त्यांच्याच वयाच्या, त्यासाठी शिकवून तयार केलेल्या दुसऱ्या दोन मुलांनी मदत करायची, याला समवयस्क मध्यस्थी म्हणतात. काही ठिकाणी ही व्यवस्था शाळांना उभी करून देण्याचे काम वकील मंडळी विनाशुल्क करतात. हे ऐकल्यावर सोलापुरातला एखादा पालक साहजिकच दोन प्रश्न विचारील. पोरांची भांडणे पोरांनीच मिटवायची तर शिक्षक कशाला आहेत? आणि भांडणावर ज्याचे पोट आहे तो वकील शाळेत येऊन भांडण मिटवायला शिकवणार, यावर विश्वास कसा ठेवायचा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्यापेक्षा अवघड आहे.

निवाडा देणारा वेगळा, मध्यस्थ वेगळा

क्रिकेटमधला अंपायर बोट वर करतो आणि फलंदाज बाद होतो. फलंदाजाला ते पटले की नाही, हे कोणी विचारत नाही. न्यायाधीश असाच निर्णय देतो. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी आपखुशीने नेमलेला खासगी निवाडेकार, तोही निर्णयच देतो. मध्यस्थाला मात्र निर्णय देण्याचा अधिकारच नसतो. लग्न जुळवणारा मध्यस्थ आठवावा. तो दोन्ही घरी चहा पितो, एका घरचे म्हणणे दुसऱ्या घरी नीट शब्दांत पोचवतो, मानपानाचा तिढा सोडवतो. पण ‘हे लग्न झालेच पाहिजे’ असा हुकूम त्याला काढता येत नाही. होकार दोन्ही घरांचाच लागतो.

सोलापूरकरांना कदाचित मागाचा दाखला अधिक जवळचा वाटेल. मागावर धागा तुटला की विणकर माग थांबवतो, तुटलेली दोन टोके शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. सूत कच्चे होते की ताण जास्त पडला, ही चौकशी वेगळी आणि ती करणारा माणूसही वेगळा. न्यायालय ती चौकशी करते. मध्यस्थ टोके शोधतो.

आपल्या कायद्यात याला स्थान आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ प्रमाणे न्यायालय चालू दावा मध्यस्थीकडे पाठवू शकते. हे कलम आजच्या रूपात १ जुलै २००२ पासून लागू झाले. न्यायालयाशी संलग्न मध्यस्थ होण्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि अशा प्रशिक्षित मध्यस्थांत वकिलांचा भरणा मोठा आहे. पुढे २०२३ मध्ये स्वतंत्र मध्यस्थी अधिनियम आला. मध्यस्थी १२० दिवसांत उरकावी, दोन्ही पक्ष राजी असतील तर आणखी ६० दिवस घ्यावेत, आणि तेथे बोललेले बाहेर वापरले जाऊ नये, असे त्यात सांगितले आहे. वस्तीतल्या किंवा गावातल्या शांततेला बाधा आणणाऱ्या तंट्यांसाठी तीन मध्यस्थांचे मंडळ नेमून सामुदायिक मध्यस्थी करण्याची तरतूदही त्यात आहे. महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये, कारण १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली गेली आणि गावोगावच्या समित्यांनी बांधावरची भांडणे चावडीवर बसून मिटवली. समवयस्क मध्यस्थी ही त्याच वाटेने शाळेच्या फाटकातून आत जाते.

प्रत्यक्षात काय घडते: पाण्याच्या नळावरचे भांडण

समजा, सोलापुरातल्या एका शाळेत पाण्याच्या टाकीला दोन नळ आहेत आणि त्यातला एकच धड चालतो. मधल्या सुट्टीत सातवी ‘अ’ तुकडीतला एक मुलगा सहा बाटल्या घेऊन नळाला लागतो. मागे ‘ब’ तुकडीतला मुलगा एकच बाटली घेऊन उभा आहे. तिसरी बाटली भरते, चौथी भरते, घंटा व्हायला आली. “आधी आम्ही आलोय बे!” असे म्हणून पुढचा मागच्याला ढकलतो, त्याच्या तेलुगू ढंगाच्या मराठीची नक्कल करतो, मागचा पुढच्याच्या हातातल्या बाटलीला हिसका देतो, आणि झटापटीत मागच्याचीच बाटली फरशीवर पडून तडकते. वर्गशिक्षकांकडे तक्रार जाते. रोजच्या पद्धतीप्रमाणे दोघांनाही पाच मिनिटांत निकाल मिळेल: दोघेही उभे राहा, एकमेकांना सॉरी म्हणा, पुन्हा तक्रार आली तर पालकांना बोलावीन. दोघेही सॉरी म्हणतील, आणि शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर राहिलेला हिशोब पुरा करतील.

समवयस्क मध्यस्थी असलेल्या शाळेत शिक्षक त्यांना आणखी एक वाट दाखवतात. दोघांची तयारी असेल तर दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. तेथे आठवी-नववीची किंवा त्यांच्याच इयत्तेची दोन मुले मध्यस्थ म्हणून असतील. एक शिक्षिका ऐकू येणार नाही पण दिसेल इतक्या अंतरावर बसलेली असेल. तयारी नसेल तर नेहमीची पद्धत आहेच. मध्यस्थीला जबरदस्तीने बसवलेली मुले फक्त घड्याळाकडे पाहतात, म्हणून ही अट वरवरची समजू नये.

सुरुवातीला मध्यस्थ नियम सांगतात: एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही, शिवी किंवा टोपणनाव वापरायचे नाही, येथले बोलणे बाहेर सांगायचे नाही, आणि आम्ही कोणाचे चूक कोणाचे बरोबर हे ठरवणार नाही. मग प्रत्येकाने आपली बाजू सांगायची. ती संपली की मध्यस्थ ती आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवतो: “म्हणजे तू रांगेत उभा होतास, सुट्टी संपत आली होती, आणि तो थांबतच नव्हता म्हणून तुला राग आला. बरोबर?” प्रौढांना हे पोरकट वाटते, पण सगळ्या प्रक्रियेची किल्ली येथेच आहे. आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून नीट ऐकू आले की चिडलेल्या माणसाचा आवाज आपोआप एक पट्टी खाली येतो. घरातल्या भांडणात करून पाहावे.

यानंतरचा टप्पा मागणी आणि गरज वेगळी करण्याचा. मागणी म्हणजे तोंडाने मागितलेली गोष्ट. गरज म्हणजे ती मागण्यामागचे कारण. दोघांचीही मागणी एकच आहे: नळ आधी मला. मध्यस्थ विचारतात, कशासाठी? ‘अ’ तुकडीचा मुलगा सांगतो की सुट्टीनंतर लगेच कबड्डीचा सराव असतो आणि संघाचे पाणी आणण्याचे काम त्याच्यावर टाकलेले आहे. उशीर झाला की सर त्याला बाहेर बसवतात. ‘ब’ तुकडीचा मुलगा थोडा वेळ गप्प राहतो आणि मग सांगतो की ज्या दिवशी घरी नळाला पाणी नसते त्या दिवशी तो डब्याबरोबर रिकामी बाटली आणतो, आणि चौथीतल्या बहिणीलाही त्याच बाटलीतले पाणी द्यायचे असते. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे कारण समजावून सांगावे लागत नाही. समोरच्या मुलाच्या घरीही तीच कथा असते.

आता नळाचे भांडण वेगळे दिसू लागते. कबड्डीच्या बाटल्या सुट्टीतच भरायला हव्यात असे काही नाही. त्या सकाळी परिपाठाआधी भरून ठेवता येतील. सुट्टीत नळावर एकाने एका वेळी एकच बाटली भरायची आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जायचे. तडकलेल्या बाटलीच्या बदल्यात ‘अ’ तुकडीचा मुलगा आपल्याकडची जादा बाटली देतो. बोलण्याची नक्कल करायची नाही, हे दोघे लिहून देतात. हे पर्याय मध्यस्थांनी सुचवायचे नसतात. ते भांडणाऱ्यांच्या तोंडूनच यावे लागतात, कारण दुसऱ्याने सुचवलेली तडजोड पहिल्या अडचणीत मोडते. शेवटी चार ओळींचा कागद, दोघांच्या सह्या, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाच मिनिटे भेटायचे ठरवून सगळे वर्गात जातात. या सगळ्याला साधारण एक तासिका पुरते.

कट्टी-बट्टीचा खेळ आपल्या प्रत्येक शाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि दोघांमध्ये बट्टी करून देणारी एखादी मुलगी प्रत्येक वर्गात असतेच. समवयस्क मध्यस्थी तिच्या या अंगच्या हुशारीला एक टेबल, काही नियम आणि थोडे शिक्षण देते.

ही पद्धत आली कुठून

अमेरिकेत १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मुलांना भांडणाशी सर्जनशीलपणे कसे वागावे हे शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. १९७६ मध्ये रेमंड शॉनहोल्ट्झ या वकिलाने सॅन फ्रान्सिस्कोत ‘कम्युनिटी बोर्ड्स’ ही संस्था काढली. शेजाऱ्यांचे तंटे न्यायालयात जाण्याआधी त्याच वस्तीतल्या प्रशिक्षित रहिवाशांनी मिटवायला मदत करावी, असा तिचा विचार होता, आणि १९८२ पासून हेच काम ती तेथल्या शाळांत मुलांच्या हातून करून घेऊ लागली. आज न्यू जर्सी राज्याच्या वकील संघटनेचे प्रतिष्ठान शाळांतल्या शिक्षकांना समवयस्क मध्यस्थीचे प्रशिक्षण विनामूल्य देते. म्हणजे वकील आणि शाळा यांचे हे नाते ओढूनताणून आणलेले नाही. या कल्पनेच्या जन्मापासून एक वकील तिच्या पाळण्याशी उभा आहे.

परिणाम काय? १९८५ नंतर प्रसिद्ध झालेल्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ मध्ये घेतला गेला. मुलांचे भांडण हाताळण्याचे कौशल्य वाढते, शाळेतले वातावरण सुधारते आणि वाईट वर्तन कमी होते, असे त्यात आढळले. याच्या उलट सांगणारा एक महत्त्वाचा निष्कर्षही आहे. त्याकडे पुढे येऊ, कारण वकिलाची खरी गरज तेथेच लागते.

भांडणावर पोट भरणाऱ्याने हे का शिकवावे?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्या भाषेत आहे त्या भाषेत वकिलाविषयी थोडा संशय असणारच. शिवाय सोलापूरच्या पालकाने वकील शाळेत आलेला पाहिला असेल तो बहुधा एखाद्या कायदेविषयक शिबिरात: पुष्पगुच्छ, पाऊण तासाचे भाषण, मागच्या बाकांवरची कुजबुज, आभार आणि छायाचित्र. त्या शिबिरांचा उपयोग नाही असे नाही, पण समवयस्क मध्यस्थी भाषणाने उभी राहत नाही. ती उभी करायला एक पूर्ण शैक्षणिक वर्ष लागते.

वकिलाकडे या कामासाठी तीन गोष्टी असतात आणि त्या शिक्षकाकडे सहसा नसतात. पहिली म्हणजे त्याने शेकडो भांडणे पाहिलेली असतात, त्यामुळे प्रत्येक पक्षाला आपण शंभर टक्के खरे वाटतो हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. दुसरी, नियम काटेकोर शब्दांत लिहिण्याची सवय. ‘येथले बोलणे गुप्त राहील’ हे एक वाक्य मुलांसमोर बेजबाबदारपणे उच्चारले तर किती मोठा घोळ होऊ शकतो, हे तो ओळखतो. तिसरी, तो शाळेचा नोकर नसल्याने मुख्याध्यापकांना नको असलेली गोष्टही सांगू शकतो.

त्याच वेळी वकिलाला बरेच काही विसरावे लागते, आणि माझ्या मते या उपक्रमाचे यश येथेच ठरते. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारायचे असतात, म्हणजे उत्तर ज्याच्या पोटातच आहे असे: “तू त्याला ढकललेस, हे खरे आहे ना?” चांगला वकील ज्याचे उत्तर त्याला आधीच माहीत नाही असा प्रश्न विचारतच नाही. मध्यस्थाला नेमके उलटे करायचे असते; ज्याचे उत्तर त्याला माहीत नाही तेच विचारायचे: “तेव्हा काय झाले?”, “तुला कशाचा सर्वांत जास्त राग आला?” दहा वर्षे सत्र न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलाला हे बारावीच्या मुलीपेक्षा जड जाते. म्हणून शाळेत येणारा स्वयंसेवक स्वतः मध्यस्थीचे प्रशिक्षण घेतलेला असावा, एवढा आग्रह शाळेने धरायला हरकत नाही.

त्याने प्रत्यक्ष काय करायचे? आधी शिक्षकांबरोबर बसून कोणती भांडणे येथे घ्यायची आणि कोणती नाही याची यादी लिहायची. मग मध्यस्थ मुलांना दोन-तीन दिवस शिकवायचे, त्यातला बहुतेक वेळ नाटुकल्यांत घालवायचा: एकाने चिडलेला व्हायचे, एकाने रडवेला, एकाने मध्यस्थ. पालकसभेत येऊन प्रश्नांना उत्तरे द्यायची. आणि त्यानंतर महिन्यातून एकदा येऊन फक्त मध्यस्थांशी बोलायचे, भांडणाऱ्यांशी नाही. कोणत्याही मुलाची बाजू त्याने घ्यायची नाही, कोणत्याही पालकाचे वकीलपत्र या ओळखीतून स्वीकारायचे नाही. वकिलांनी जाहिरात करू नये असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियमच आहे, तेव्हा फाटकावर नावाचा फलक लागण्याचा प्रश्न उद्भवू नये.

जी भांडणे या टेबलावर येताच कामा नयेत

आता तो उलटा निष्कर्ष. शाळांतली दादागिरी रोखण्यासाठी जगभर राबवलेल्या कार्यक्रमांचे ४४ मूल्यमापन अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी असे दाखवले की एकूण कार्यक्रमांनी दादागिरी सुमारे २० ते २३ टक्क्यांनी कमी झाली. पण ज्या कार्यक्रमांत समवयस्कांकडून काम करून घेतले होते, त्यांत मुलांना होणारा त्रास उलट वाढलेला दिसला. याचे कारण समजायला अवघड नाही. नळावरच्या भांडणात दोघे बरोबरीचे होते. दादागिरीत एक जण सतत वरचढ असतो आणि दुसरा सतत घाबरलेला. अशा दोघांना एका टेबलाशी बसवून “तुम्ही दोघे मिळून मार्ग काढा” असे म्हणणे म्हणजे मार खाणाऱ्याला मारणाऱ्याशी सौदा करायला लावणे. तेथे मोठ्यांनी उभे राहून संरक्षण द्यायचे असते. एकदा केलेली नक्कल आणि रोज केलेली नक्कल यांतला फरक ओळखण्याचे काम बारा वर्षांच्या मुलांवर टाकता येत नाही. प्रकरण टेबलावर पाठवण्याआधी ते शिक्षकांनीच करायचे असते.

काही गोष्टी तर कायद्यानेच टेबलाबाहेर ठेवल्या आहेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध झाल्याचे ज्याला कळले किंवा तो होण्याची शंका ज्याला आली, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हाही कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. शाळेच्या आत ‘समेट’ घडवून असे प्रकरण झाकणे हा मोठा अपराध ठरेल. जातीवरून केलेला अपमान, शस्त्र किंवा गंभीर मारहाण, अमली पदार्थ, स्वतःला इजा करण्याचे बोलणे, आणि शिक्षकाविरुद्धची तक्रार, यांपैकी काहीही मुलांसमोर ठेवायचे नाही. शिक्षकाने मारले तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ते मुळातच निषिद्ध आहे. त्यात विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात ‘मध्यस्थी’ करण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून गुप्ततेचे वाक्य मुलांना असे शिकवावे लागते: “येथे बोललेले आम्ही कोणाला सांगणार नाही; पण कोणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका आहे असे कळले तर आम्ही लगेच ताईंना सांगू.” हे दुसरे अर्धे वाक्य बैठकीच्या आधी उच्चारले गेले पाहिजे, मध्येच सुचले म्हणून नव्हे. मध्यस्थ मुलाने असे काही ऐकले तर बैठक थांबवून शिक्षिकेकडे जायचे, पुढचा एकही प्रश्न विचारायचा नाही. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक त्या कोपऱ्यात भिंतीवर लावलेला असावा.

‘कायदाच म्हणतो, अल्पवयीनांचे वाद मध्यस्थीत नकोत’

एखादा जाणकार वाचक येथे हात वर करील. मध्यस्थी अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत मध्यस्थीला योग्य नसलेल्या वादांची यादी आहे आणि तीत अल्पवयीनांविरुद्धचे दावे आहेत. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो वेगळ्या गोष्टीला लागू आहे. त्या अधिनियमाखाली झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. म्हणूनच ज्याला स्वतःचे कायदेशीर हित कळत नाही असे मानले जाते, त्याने अशा समझोत्यात अडकू नये अशी काळजी घेतली आहे. नळावरच्या चार ओळींच्या कागदाला असे काहीही बळ नाही. भारतीय करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्रच नाही, आणि तिने केलेला करार मुळातच पोकळ असतो, हे ब्रिटिश काळातले सर्वांत वरचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये ठरवून ठेवले आहे. त्या कागदाचे वजन एवढेच की तो दोघांनी स्वतः लिहिला आणि दोघांच्या मित्रांना ते ठाऊक आहे. सातवीच्या वर्गात हे वजन हुकूमनाम्यापेक्षा कमी नसते.

बाटली फोडल्याची भरपाई पैशात मागायची असेल, वैद्यकीय खर्च असेल, तर तो पालकांचा विषय झाला आणि टेबल तेथे संपले.

मुलांची जातपंचायत तर होणार नाही?

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. समाजाने आपसात निवाडे करण्याचा आपला इतिहास सगळाच उजळ नाही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. चार दांडग्या मुलांच्या हातात ‘मध्यस्थ’ असा बिल्ला दिला आणि त्यांनी शिक्षा सुनावायला सुरुवात केली, तर काय?

उत्तर तीन ठिकाणी आहे. मध्यस्थाला शिक्षा देण्याचा अधिकार नसणे हे पहिले. ज्या दिवशी एखादा मध्यस्थ “उद्यापासून तू मैदानावर यायचे नाही” असे म्हणेल त्या दिवशी त्याचे काम थांबवायचे. कोणीही केव्हाही उठून जाऊ शकणे हे दुसरे. तिसरे आहे मध्यस्थांची निवड, आणि तेथे शाळा हमखास चुकतात. वर्गप्रमुख, पहिल्या तीन क्रमांकांची मुले आणि शिक्षकांची लाडकी मुले निवडली की बाकीच्या वर्गाला हे टेबल मुख्याध्यापकांच्या केबिनचीच शाखा वाटते. वर्गाला गुप्त चिठ्ठ्या देऊन “तुझे भांडण झाले तर तू कोणाला सांगशील?” असे विचारावे. ज्यांची नावे वरचेवर येतील त्यांतली काही नावे शिक्षकांना धक्का देतील. दोन-तीन मस्तीखोर म्हणून नोंदवलेली असतील. त्यांना घ्यावे. भांडणाची आतली बाजू त्यांनाच चांगली कळते.

शिक्षकांचा दरारा कमी होईल, ही भीती मात्र मला पोकळ वाटते. पाण्याची बाटली, पेन्सिल आणि बाकावरची जागा यांचे निवाडे करण्यात ज्यांचा रोजचा अर्धा तास जातो, त्या शिक्षकांना विचारून पाहावे. आणि अभ्यास बुडण्याचा प्रश्न असेल, तर भांडलेली मुले वर्गात बसूनही त्या तासाला काही शिकत नसतात.

सोलापुरात याला काय लागेल

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हे पहिले दार आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालची ही यंत्रणा शाळांत कायदेविषयक जागृतीचे काम करतेच. शाळेने एक साधे पत्र देऊन ‘व्याख्याता नको, वर्षभर येणारा प्रशिक्षित मध्यस्थ हवा’ एवढे स्पष्ट लिहिले तरी बोलणी वेगळ्या पायावर सुरू होतील. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे विषय आधी तेथे मांडला तर पालकांना तो लादल्यासारखा वाटणार नाही. विडी वळणाऱ्या आयांना तयार विड्या कारखान्यात पोचवून यायच्या असतात. सभेची वेळ ठरवताना त्यांनाच विचारावे.

पैशाची बाब जवळजवळ नाहीच: एक कोपरा, एक टेबल, चार खुर्च्या, एक वही आणि थोड्या छायांकित प्रती. वहीत मुलांची नावे लिहायची नाहीत, फक्त तारीख, भांडणाचा प्रकार आणि ते मिटले की नाही. सहा महिन्यांनी ही वही उघडली की शाळेला स्वतःविषयी काहीतरी कळते. अर्धी भांडणे नळावर होत असतील तर दुसऱ्या नळाची तोटी बदलायला हवी, मुलांचे समुपदेशन नंतर.

या शहराची खरी अडचण भाषेची आहे आणि खरी श्रीमंतीही तीच. येथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांची मुले एका आवारात भेटतात. शाळेचे माध्यम कोणतेही असो, मूल रागावते ते घरच्या भाषेत. पूर्व भागातल्या शाळेत मध्यस्थांच्या जोडीतला एक जण तेलुगू समजणारा नसेल, तर अर्धे भांडण टेबलावर येणारच नाही. सोलापूरच्या वकिलांमध्येही या चारही भाषांच्या घरांतून आलेले लोक आहेत. सकाळी न्यायालयात मराठीत युक्तिवाद आणि दुपारी अशिलाशी कन्नडमध्ये बोलणी करणाऱ्या वकिलाला नाटुकल्या घ्यायला सांगितले, तर त्या चारही भाषांत होऊ शकतात. माझ्या दृष्टीने बाहेरून आणलेल्या कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेपेक्षा हे भांडवल मोठे आहे.

वेळापत्रक शाळेच्या वर्षाला धरून ठेवावे. जून-जुलैत शिक्षकांशी बोलणी आणि नको असलेल्या भांडणांची यादी, ऑगस्टनंतर निवड आणि प्रशिक्षण, दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्यक्ष टेबल. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मुलांचे लक्ष शाळेत नसते, तेव्हा काही सुरू करू नये. उन्हाळ्यात सकाळची शाळा झाली की मधल्या सुट्टीची वेळ बदलते आणि नळावरचे जुने ठरावही बदलावे लागतात. त्या वेळी मध्यस्थांनी दोन्ही मुलांना पुन्हा बोलावले आणि त्यांनी सांगितले की कबड्डीच्या बाटल्यांचे आम्ही गेल्या आठवड्यातच नव्याने ठरवले, तर वहीत त्या दिवसापुढे ‘मिटले’ लिहायचे आणि वकिलाला कळवायचे कारण नाही.